ब्लू (इंग्रजी रंगवाचक शब्द)

ब्लू : इंग्रजी भाषेतील एक मूलभूत रंगवाचक शब्द. निरभ्र आकाश, खोल समुद्र, नीळ इत्यादींच्या रंगास अनुलक्षून तो विशेषण व नाम अशा दोन्ही प्रकारे योजिला जातो. दृश्य वर्णपटातील सु. ४५० ते ४९० नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशामुळे होणारी रंगसंवेदना, असा त्याचा भौतिकीय अर्थ सांगता येतो. तथापि भाषाव्यवहारात या शब्दास रंगाशी वरवर पाहता कोणताच संबंध नसलेले अनेक अर्थ प्राप्त झाले आहेत. खिन्न, अश्लील, कर्मठ, कुलीन, श्रमजीवी, एकनिष्ठ, दुर्मिळ आणि भरवशाचा हे सर्व अर्थ त्याच्या निरनिराळ्या प्रयोगांत आढळतात. त्यांपैकी काही परस्परांच्या अगदी विरुद्ध आहेत. निळ्या रंगाच्या अंगभूत गुणांतून या अर्थांचा उलगडा होत नाही. प्रत्येक अर्थाच्या मुळाशी बहुधा एखादी विशिष्ट निळी वस्तू असते : कापड, पुस्तकाचे वेष्टन, पेन्सिल, जुगारातील चकती किंवा मनुष्याची त्वचा. कालांतराने ती वस्तू व्यवहारातून किंवा स्मरणातून जाते आणि तिच्यावरून आलेला अर्थ मात्र शब्दात टिकून राहतो.

व्युत्पत्ती व रंगव्याप्ती : ‘ब्लू’ हा शब्द मध्ययुगीन इंग्रजीत प्राचीन फ्रेंचमधून आला, फ्रेंचमध्ये तो जर्मानिक भाषासमूहातून आला होता. त्याच्या जर्मानिक सगोत्रांची रंगव्याप्ती आजच्या निळ्या रंगापुरती मर्यादित नव्हती. प्राचीन नॉर्समधील ‘ब्लाऽर’ हा शब्द गडद निळ्या रंगाप्रमाणेच काळ्या रंगासही लावीत. दहाव्या शतकातील डेन्मार्कचा राजा हाराल्ड याचे ‘ब्लाटान’ हे उपनाम अशाच अर्थाचे असून त्याचा रोख काळपट दाताकडे असावा, असे मानतात. त्याचे इंग्रजी रूप म्हणजे ‘ब्लूटूथ’. जवळच्या अंतरावरील उपकरणे बिनतारी पद्धतीने जोडणाऱ्या तंत्राला १९९० नंतरच्या दशकात या राजाचे नाव देण्यात आले. संस्कृतमधील ‘नील’ शब्दाची व्याप्तीही अशीच गडद निळ्यापासून काळ्यापर्यंत पसरलेली आहे. पावसाळी मेघाला ‘नील’ हे विशेषण लागते ते याच कारणाने.

ब्रेंट बर्लिन व पॉल के या अमेरिकन अभ्यासकांनी १९६९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात मूलभूत रंगवाचक शब्द भाषांमध्ये साधारणतः ठराविक क्रमाने येतात, असे प्रतिपादन केले. त्या क्रमात काळा, पांढरा, तांबडा, हिरवा व पिवळा यांच्या नंतर निळ्याचे स्थान आहे. पुढील संशोधनाने या सिद्धांतात बऱ्याच दुरुस्त्या केल्या. उलटपक्षी रशियन भाषेत गडद निळा व फिकट निळा यांसाठी दोन स्वतंत्र मूलभूत शब्द आहेत. इंग्रजीतील ‘ब्लू’ या दोहोंना एकत्र कवटाळतो. म्हणून रंगाच्या अर्थानेही त्याचे भाषांतर नेहमी सरळ होत नाही.

नीळ व इतर रंगद्रव्ये : यूरोपात निळे कापड रंगविण्यासाठी मध्ययुगात वोड या वनस्पतीची पाने वापरीत. सोळाव्या शतकानंतर सागरी मार्गाने भारतीय नीळ मोठ्या प्रमाणावर यूरोपात जाऊ लागली. इंग्रजीतील ‘इंडिगो’ या शब्दाचा मूळ अर्थच ‘भारतीय’ असा आहे. संस्कृत ‘नील’ शब्द फार्सी-अरबीतून पोर्तुगीजमध्ये ‘अनिल’ या रूपाने गेला आणि निळीपासून मिळविलेल्या एका संयुगास त्यावरूनच ‘ॲनिलीन’ हे नाव मिळाले. अशा रीतीने आधुनिक रंगरसायनशास्त्राच्या परिभाषेत एक भारतीय शब्द रुजला.

या व्यापाराची दुसरी बाजू बंगालमधील शेतकऱ्यांच्या वाट्यास आली. यूरोपीय मळेवाले अल्प उचल देऊन रयतेस करारात बांधीत व भाताच्या जमिनीत नीळ पेरण्यास भाग पाडीत. १८५९-६० मध्ये रयतेने नीळ पेरण्यास नकार दिला. इंग्रजीत या उठावाला ‘ब्लू म्यूटिनी’ म्हणतात; येथे ‘ब्लू’ म्हणजे निळा रंग नसून नीळ हे पीक होय. दीनबंधू मित्र यांच्या नीलदर्पण (१८६०) या नाटकात रयतेच्या हालांचे चित्रण आहे. त्याचा इंग्रजी अनुवाद प्रकाशित केल्याबद्दल जेम्स लाँग या धर्मोपदेशकास १८६१ मध्ये एक महिन्याची कैद व एक हजार रुपये दंड अशी शिक्षा झाली. पुढे आडोल्फ फोन बेयर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने निळीच्या संश्लेषणाचा मार्ग दाखविला आणि १८९७ पासून जर्मनीत कृत्रिम नीळ व्यापारी प्रमाणावर तयार होऊ लागली. त्यानंतर नैसर्गिक निळीचा व्यापार झपाट्याने खालावला.

वस्त्र व व्यवसाय : नीळ पक्की असते व तिच्यावर मळ चटकन दिसून येत नाही, त्यामुळे निळे कापड हे कष्टकऱ्यांचे कापड ठरले. कारखान्यांत व यंत्रशाळांत काम करणाऱ्यांच्या निळ्या सदऱ्यांवरून शारीरिक श्रमाच्या कामास ‘ब्लू-कॉलर’ हे विशेषण अमेरिकेत विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात रूढ झाले. अशा कामगारांच्या ‘डंगरी’ या पोशाखाचे नाव मुंबईतील डोंगरी भागाशी निगडित असलेल्या जाड्याभरड्या सुती कापडावरून आले, असे मानण्यात येते. ‘व्हाइट-कॉलर’ या प्रतिशब्दाच्या जोडीला मराठीत ‘पांढरपेशा’ हा शब्द आहे. ‘ब्लू-कॉलर’ साठी मात्र मराठीने रंगाचा आधार न घेता ‘श्रमिक’, ‘कामगार’ असेच शब्द वापरले आहेत.

ब्रिटिश आरमारातील अधिकाऱ्यांना १७४८ मध्ये गडद निळा गणवेश ठरवून देण्यात आला. त्यावरून ‘नेव्ही ब्लू’ हे छटेचे नाव पडले. संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसैनिकांनी १९५६ च्या सुएझ पेचप्रसंगापासून निळी शिरस्त्राणे वापरली. ‘ब्लू हेल्मेट्स’ हे त्या सैनिकांचेच नाव झाले आहे.

‘ब्लूस्टॉकिंग’ या शब्दाचा इतिहास विशेष उद्बोधक आहे. अठराव्या शतकाच्या मध्यास लंडनमध्ये एलिझाबेथ माँटेग्यू व त्यांच्या मैत्रिणी पत्ते खेळण्याऐवजी साहित्यचर्चेसाठी बैठका भरवीत. बेंजामिन स्टिलिंगफ्लीट हे वनस्पतिशास्त्रज्ञ समारंभास योग्य अशा रेशमी मोज्यांऐवजी रोजच्या वापराचे निळे लोकरी मोजे घालून या बैठकांना येत. त्यावरून त्या मंडळाला हे नाव पडले. म्हणजे निळे मोजे घालणारा पुरुष होता. पण पुढे हा शब्द केवळ स्त्रियांना लागू झाला आणि विद्याव्यासंगी स्त्रीची टवाळी करण्यासाठी वापरला जाऊ लागला. जपानमध्ये हिरात्सुका राइचो व त्यांच्या सहकारी स्त्रियांनी १९११ मध्ये या शब्दाचे जपानी भाषांतर सेइतो हे आपल्या नियतकालिकास नाव म्हणून दिले व टवाळीचा शब्द अभिमानाने मिरविला.

निष्ठा, पक्ष व क्रीडा : इंग्लंडमधील कॉव्हेंट्री या गावचा निळा धागा धुण्याने फिकट न होण्याबद्दल प्रसिद्ध होता. ‘ट्रू ब्लू’ म्हणजे अढळ निष्ठेचा, हा अर्थ परंपरेने या धाग्याशी जोडला जातो. सतराव्या शतकात स्कॉटलंडमधील कव्हनंटर या प्रॉटेस्टंट गटाने निळा रंग आपले चिन्ह म्हणून स्वीकारला होता. पुढे ब्रिटनमध्ये ‘ट्रू ब्लू’ हे काँझर्व्हेटिव्ह पक्षाच्या कट्टर अनुयायाचे विशेषण झाले. अमेरिकेत याच्या उलट स्थिती आहे. २००० सालच्या अध्यक्षीय निवडणुकीच्या वेळी दूरचित्रवाणीवरील नकाशांत डेमॉक्रॅटिक पक्षास निळा रंग दिला गेला आणि तोच संकेत पुढे स्थिर झाला. त्यामुळे राजकीय लेखनातील ‘ब्लू’ चा अर्थ तो मजकूर कोणत्या देशातील आहे यावर अवलंबून असतो.

ऑक्सफर्डचा गडद निळा व केंब्रिजचा फिकट निळा हे विद्यापीठीय क्रीडासंघांचे रंग होत. परस्परांविरुद्धच्या सामन्यात विद्यापीठाचे प्रतिनिधित्व करणाऱ्या खेळाडूस मिळणाऱ्या मानास आणि त्या खेळाडूसही ‘ब्लू’ म्हणतात. रणजितसिंहजी यांना १८९३ मध्ये केंब्रिजचा हा मान क्रिकेटसाठी मिळाला.

कागद, कायदा व अभ्यवेक्षण : ब्रिटिश संसदेचे अहवाल निळ्या वेष्टनात प्रसिद्ध होत, त्यामुळे ‘ब्लू बुक’ म्हणजे अधिकृत अहवाल असा अर्थ रूढ झाला. वेल्समधील शिक्षणाच्या स्थितीवरील १८४७ च्या अहवालात वेल्श भाषा व वेल्श लोकांचे नीतिचारित्र्य यांविषयी अनुदार शेरे होते. वेल्समध्ये त्याविरुद्ध संताप उसळला व ‘निळ्या पुस्तकांचा विश्वासघात’ या नावाने तो प्रसंग तेथील इतिहासात ओळखला जातो.

जॉन हर्शेल यांनी १८४२ मध्ये लोहाच्या लवणांचा उपयोग करून प्रकाशाच्या साहाय्याने निळे मुद्रण करण्याची पद्धत शोधली. ज्या भागावर प्रकाश पडतो तेथे प्रशियन ब्लू हे रंगद्रव्य तयार होते व झाकलेला भाग धुतल्यावर पांढरा राहतो. या पद्धतीने काढलेल्या स्थापत्य-आराखड्यांच्या प्रती म्हणजे ‘ब्लूप्रिंट’ होत. विसाव्या शतकात अन्य प्रतिमुद्रण पद्धतींमुळे या प्रती मागे पडल्या. शब्द मात्र कोणत्याही सविस्तर योजनेसाठी वापरात राहिला. मराठीत त्याचा आशय ‘आराखडा’ या शब्दाने नेमका व्यक्त होतो.

अमेरिकेत रविवारी व्यापार, मद्यविक्री, करमणूक इत्यादींवर बंदी घालणाऱ्या कायद्यांस ‘ब्लू लॉज’ म्हणतात. सॅम्युएल पीटर्स या धर्मोपदेशकाने १७८१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कनेक्टिकटच्या इतिहासामुळे या संज्ञेस प्रसिद्धी मिळाली. हे कायदे निळ्या कागदावर छापलेले होते, ही लोकप्रिय कथा निराधार आहे. १९६१ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने असे कायदे घटनाबाह्य नसल्याचा निर्णय दिला. येथे ‘ब्लू’ म्हणजे कर्मठ. परंतु ‘ब्लू जोक’, ‘ब्लू फिल्म’ यांत तोच शब्द अश्लील या अर्थाने येतो. या दोन टोकांच्या मध्ये ‘ब्लू पेन्सिल’ हा प्रयोग आहे. संपादक मजकुरातील काटछाट निळ्या पेन्सिलीने करीत. ब्रिटनमध्ये नाटकांचे अभ्यवेक्षण करणाऱ्या लॉर्ड चेंबरलिन या अधिकाऱ्याच्या संदर्भातही हा शब्दप्रयोग प्रचलित होता. १९६८ च्या कायद्याने त्यांचा हा अधिकार संपुष्टात आला.

शरीर व वैद्यक : माराने रक्त साकळून त्वचेवर जो डाग उठतो, त्यास इंग्रजीत ‘ब्लॅक अँड ब्लू’ म्हणतात. मराठीतही ‘मारून काळानिळा केला’ असेच म्हणतात. हे साम्य उसनवारीचे असण्याची आवश्यकता नाही. दोन्ही भाषांनी एकाच अनुभवाचे वर्णन केले आहे.

‘ब्लू ब्लड’ म्हणजे कुलीनता. हा प्रयोग स्पॅनिशवरून एकोणिसाव्या शतकात इंग्रजीत आला. आपल्या वंशात मूर किंवा ज्यू रक्ताचा संकर नाही, असे सांगणारी कॅस्टीलमधील घराणी पुरावा म्हणून गोऱ्या कातडीखालील निळसर शिरा दाखवीत. मराठी शारीरविज्ञानाच्या परिभाषेतही हृदयाकडे अशुद्ध रक्त नेणाऱ्या वाहिनीस ‘नीला’ म्हणतात. वस्तुतः कोणत्याही मनुष्याचे रक्त निळे नसते; नीलेतील रक्त गडद तांबडे असून त्वचेतून परतणाऱ्या प्रकाशामुळे वाहिनी निळसर दिसते. खरोखर निळे रक्त ऑक्टोपस, नालाकृती खेकडा इत्यादी प्राण्यांत आढळते. त्यांच्या रक्तातील ऑक्सिजनवाहक प्रथिनात लोहाऐवजी तांबे असते. वंशशुद्धीच्या कल्पनेला अशा रीतीने प्रकाशाच्या एका भासाचा आधार मिळाला होता.

‘ब्लू बेबी’ ही संज्ञा रक्तातील ऑक्सिजन कमी पडल्यामुळे निळसर दिसणाऱ्या अर्भकास लावतात. याचे एक प्रमुख कारण जन्मजात हृदयविकृती हे होय. बॉल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात २९ नोव्हेंबर १९४४ रोजी आल्फ्रेड ब्लॅलॉक यांनी अशा अर्भकावर शस्त्रक्रिया केली. हाताकडे जाणारी रोहिणी फुप्फुसाच्या रोहिणीस जोडून फुप्फुसाकडे अधिक रक्त नेण्याची ही कल्पना हेलेन टाउसिग यांच्या निदानकार्यातून पुढे आली होती. प्रयोगशाळेत तिचे तंत्र सिद्ध करणारे कृष्णवर्णीय तंत्रज्ञ व्हिव्हियन टॉमस यांच्या कार्याचा यथोचित गौरव बऱ्याच काळाने झाला. दुसरे कारण विहिरीच्या पाण्यातील नायट्रेट हे होय. अशा पाण्यात कालविलेले दूध दिल्यास लहान अर्भकाच्या रक्ताची ऑक्सिजन वाहून नेण्याची क्षमता घटते. पिण्याच्या पाण्यात दर लिटरमागे ४५ मिग्रॅ. पेक्षा अधिक नायट्रेट नसावे, असे भारतीय मानक आहे.

या संज्ञेचा शब्दशः अर्थ घेणे धोक्याचे ठरू शकते. ती गोऱ्या त्वचेच्या निरीक्षणावरून आलेली आहे. सावळ्या किंवा काळ्या त्वचेवर निळेपणा सहसा स्पष्ट दिसत नाही. तेथे त्वचा राखाडी किंवा निस्तेज दिसते. म्हणून जीभ, ओठांची आतील बाजू, हिरड्या व नखांचे तळ तपासावे लागतात. शिवाय हा निळेपणा ऑक्सिजनरहित हीमोग्लोबिन पुरेशा प्रमाणात साठल्यावरच दिसतो. पांडुरोग झालेल्या मुलाच्या रक्तात मुळातच हीमोग्लोबिन कमी असल्याने ऑक्सिजन घातक प्रमाणात घटला असूनही ते मूल निळे दिसणार नाही, असे घडू शकते. मूल निळे पडले नाही म्हणून ते सुरक्षित आहे, असा निष्कर्ष काढणे त्यामुळे चुकीचे होय.

मनःस्थिती व संगीत : ‘टू फील ब्लू’ म्हणजे उदास वाटणे. औदासीन्य आणणाऱ्या काल्पनिक पिशाचांना जुन्या इंग्रजीत ‘ब्लू डेव्हिल्स’ म्हणत. त्यावरून नुसते ‘द ब्लूज’ म्हणजे खिन्नता असा अर्थ रूढ झाला. अमेरिकेच्या दक्षिणेतील कृष्णवर्णीयांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस निर्माण केलेल्या गायनप्रकारास हेच नाव मिळाले. गुलामगिरी कायद्याने संपली तरी दारिद्र्य, वर्णभेद व स्थलांतर यांचे दुःख संपले नव्हते. ते या गीतांत व्यक्त झाले. डब्ल्यू. सी. हँडी यांची ‘मेम्फिस ब्लूज’ ही रचना १९१२ मध्ये प्रकाशित झाली व मेमी स्मिथ यांनी गायिलेल्या ‘क्रेझी ब्लूज’ (१९२०) या ध्वनिमुद्रिकेने या प्रकारास मोठी बाजारपेठ मिळवून दिली. यातील ‘ब्लू नोट’ म्हणजे नेहमीच्या स्थानापासून किंचित उतरविलेला स्वर. भारतीय परिभाषेत सांगायचे तर तो शुद्ध व कोमल गंधार किंवा निषाद यांच्या दरम्यान रेंगाळतो. या संगीतात खिन्नतेबरोबरच विनोद, उपरोध व चिकाटीही असते. त्यामुळे ‘उदास गीते’ असे त्याचे भाषांतर अपुरे पडते.

आकाश, समुद्र व चंद्र : ‘आउट ऑफ द ब्लू’ म्हणजे अनपेक्षितपणे, निरभ्र आकाशातून वीज कोसळावी तसे. ‘ब्लू पीटर’ हे मध्ये पांढरा चौकोन असलेले निळे निशाण असून जहाज लवकरच बंदर सोडणार असल्याची ती खूण असते.

‘वन्स इन अ ब्लू मून’ म्हणजे क्वचित. चंद्र निळा आहे असे म्हणणे म्हणजे धडधडीत असत्य बोलणे, असा संकेत १५२८ च्या एका उपरोधिक इंग्रजी पुस्तिकेत आढळतो. तथापि हवेत ठराविक आकाराचे सूक्ष्म कण पसरल्यास चंद्र खरोखर निळसर दिसतो. १८८३ मधील क्राकाटोआ ज्वालामुखीच्या उद्रेकानंतर असा अनुभव आला होता. एका इंग्रजी महिन्यातील दुसऱ्या पौर्णिमेचा चंद्र म्हणजे ‘ब्लू मून’, हा आजचा प्रचलित अर्थ एका चुकीतून आला आहे. अमेरिकेतील एका शेतकी पंचांगात एका ऋतूत चार पौर्णिमा आल्यास तिसरीस हे नाव देत. १९४६ मध्ये स्काय अँड टेलिस्कोप मासिकातील एका लेखात या नियमाचा चुकीचा अर्थ लावला गेला. ती चूक १९९९ मध्ये त्याच मासिकाने मान्य केली, पण तोवर चुकीचा अर्थच रूढ झाला होता. दोन्ही अर्थांमागील गणित मराठी पंचांगाच्या वाचकास परिचित आहे. एकोणीस सौर वर्षांत २२८ महिने, पण सु. २३५ चांद्रमास होतात. अधिकाचे सात मास म्हणजेच आपले सात अधिकमास आणि तितकेच सात ‘ब्लू मून’.

अर्थव्यवहार व सन्मान : पोकर या पत्त्यांच्या जुगारात पैशाऐवजी पांढऱ्या, तांबड्या व निळ्या चकत्या वापरीत. त्यांत निळीचे मूल्य सर्वाधिक असे. त्यावरून अमेरिकन रोखेबाजारात १९२० नंतरच्या दशकात नामांकित कंपन्यांच्या भागांना ‘ब्लू चिप’ म्हणू लागले. सुरक्षित गुंतवणूक सुचविणारी ही संज्ञा जुगारातून आली आहे. तिच्या मूळ अर्थात किंमत आहे, हमी नाही. हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

लंडनमध्ये प्रसिद्ध व्यक्तींच्या निवासस्थानांवर बसविण्यात येणारी ‘ब्लू प्लाक’ ही स्मृतिपाटी सन्मानाची खूण होय. या योजनेचा प्रारंभ १८६६ मध्ये झाला. लोकमान्य टिळक १९१८-१९ मध्ये हाउली प्लेस येथील ज्या घरात राहिले, तेथे १९६१ मध्ये स्मृतिपाटी बसविण्यात आली.

मराठीतील स्थान : ‘ब्लू’ चा मराठी प्रतिशब्द ‘निळा’ असला, तरी दोहोंचे अर्थविश्व भिन्न आहे. मराठीत निळ्या रंगाशी खिन्नता निगडित नाही. नीलकंठ, घननीळ यांसारख्या शब्दांमुळे त्यास दैवी सौंदर्याचे वलय आहे, तर महाराष्ट्रात निळा ध्वज डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या चळवळीचे व समतेच्या आकांक्षेचे चिन्ह आहे. म्हणून ‘ब्लू’ असलेल्या शब्दसंहतीचे भाषांतर करताना रंगाचे नाव बदलून भागत नाही. त्या प्रयोगामागे कोणती वस्तू होती व ती कोणाच्या हाती, कोणाच्या अंगावर किंवा कोणाच्या त्वचेवर होती, हे पाहिले म्हणजेच त्याचा अर्थ निश्चित करता येतो.